एका वायरीची समीक्षा

पुस्तकांवर समीक्षा लिहिणारी माणसे आपल्याकडे भरपूर आहेत. नाटकांवर लिहिणारी आहेत, गाण्यांवर लिहिणारी आहेत, आणि हल्ली टी.व्ही.वरच्या मालिकांवर लिहिणारीही निपजली आहेत. पण ज्या वायरीतून ती मालिका आपल्या घरात येते, त्या बिचाऱ्या वायरीवर कोणी चार ओळी खरडल्याचे माझ्या वाचनात नाही. हा अन्याय आहे. मालिका वाईट असली तर आपण दुसरी लावतो. वायर वाईट असली तर सगळ्याच मालिका वाईट.

मी बी.कॉम. आहे आणि बँकेत कारकून आहे. साहित्याशी माझा संबंध खातेदारांच्या सह्या वाचण्यापुरता. (त्यातही नवसाहित्य पुष्कळ असते.) पण वायर मला कळते. कारण वायर म्हणजे शेवटी एक खातेच. एका टोकाला जमा, दुसऱ्या टोकाला नावे, आणि मधल्या मध्ये काय गळाले ते शोधायचे. मी गेली वीस वर्षे दुसरे काही केलेले नाही.

आमच्या शाखेत एम.ए. मराठी झालेला एक सहकारी आहे. डबा खाताना त्याने एकदा सांगितले की, अभिनवगुप्त नावाच्या काश्मिरी पंडिताने हजार वर्षांपूर्वी रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगून ठेवली आहेत. त्यातल्या एकाचे नाव ‘प्रतीत्युपायवैकल्य’, म्हणजे जाणून घेण्याचे साधनच लुळे पडणे. आणि दुसरे ‘स्फुटत्वाभाव’, म्हणजे स्पष्ट न दिसणे. मी घास तसाच धरून ऐकत राहिलो. हजार वर्षांपूर्वी काश्मिरात टी.व्ही. नव्हता, पण आमच्या घरच्या केबलचे निदान त्या गृहस्थांनी पत्त्यासकट करून ठेवले होते!

आता समीक्षा म्हटली की आधी कालखंड पाडावे लागतात. तेव्हा पाडतो.

पहिला खंड अँटेनायुगाचा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्याचा मनोरा वरळीला, उंची ३०० मीटर. आमचे घर डोंबिवलीत, म्हणजे कावळ्याच्या वाटेने गेल्यास ३५-३६ किलोमीटर. (कावळ्याचा उल्लेख उगाच केलेला नाही. त्या काळात अँटेनाचा मुख्य उपभोक्ता कावळाच होता.) माझा जन्म १९८० च्या आसपासचा, त्यामुळे लहानपणातला बराच काळ मी गच्चीवर घालवला. खाली वडील टी.व्ही.समोर, मधल्या जिन्यात काकू, वर मी. ‘आलं का?’ हा प्रश्न वरून खाली जाई आणि ‘गेलं!’ हे उत्तर खालून वर येई. रविवारी सकाळी रामायणाच्या वेळेला, म्हणजे १९८७-८८ साली, आमच्या गच्चीवर इतकी मुले असत की खाली रामायण बघायला घरात फक्त वडीलधारी उरत.

त्या अँटेनाला यागी अँटेना म्हणतात. खरे नाव यागी-उडा. हिदेत्सुगु यागी हे जपानातल्या तोहोकू विद्यापीठात प्राध्यापक आणि शिंतारो उडा हे त्यांचे सहायक. १९२६ च्या सुमारास बहुतेक काम केले उडांनी. पण पेटंट झाले यागींच्या नावावर, इंग्रजी निबंध छापला यागींनी, आणि जगभरच्या गच्च्यांवर नाव चढले यागींचे. आमच्या बँकेत याला ‘मॅनेजरसाहेबांच्या मार्गदर्शनाखाली’ असे म्हणतात. पुढची गंमत अशी सांगतात की १९४२ साली जपान्यांनी सिंगापूर घेतले तेव्हा तिथे एका ब्रिटिश सैनिकाची रडारविषयीची वही त्यांच्या हाती लागली. तीत जागोजाग ‘यागी’ असा शब्द. त्याचा अर्थ जपान्यांना लागेना! अखेर त्या कैद्यालाच विचारावे लागले, तेव्हा कळले की हे आपल्याच माणसाचे नाव आहे. हे उडा पुढे १९५५ नंतर काही वर्षे आपल्याकडे, दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत होते. म्हणजे आपण गच्चीवर कावळ्यांना ‘उडा, उडा’ म्हणून हाकलत होतो, तेव्हा नकळत का होईना, खऱ्या कारागिराचे नाव घेत होतो.

अँटेनायुगातले दोन प्रमुख प्रवाह म्हणजे भुते आणि मुंग्या.

भूत म्हणजे बातम्या देणाऱ्या बाईंच्या शेजारी त्यांचीच फिकट सावली दिसणे. याचे कारण सोपे आहे. मनोऱ्यावरून निघालेली लहर सरळ घरी येते, आणि तीच लहर एखाद्या टाकीवर नाहीतर डोंगरावर आपटून जरा उशिरानेही येते. उशिरा येणारा उजवीकडे उभा राहतो. यात हिशेबाला जागा आहे म्हणून मला हे भूत फार आवडे. चित्राची एक ओळ पडद्यावर काढायला ५२ मायक्रोसेकंद लागतात आणि लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. वीस इंची पडद्याची रुंदी सुमारे ४० सेंटिमीटर. तेव्हा भूत पाऊण सेंटिमीटर सरकलेले असले, तर दुसरी लहर ३०० मीटरचा वळसा घालून आली आहे असे समजावे. फूटपट्टी लावून आपले भूत कोणत्या इमारतीवर राहते त्याचा अंदाज करता येई. इतके हिशेबी भूत कोकणातसुद्धा मिळणार नाही.

मुंग्यांचे मोल मात्र मला फार उशिरा कळले. सिग्नल क्षीण झाला की पडद्यावर पांढऱ्या-काळ्या मुंग्या धावत. त्यातल्या बहुतेक सेटच्या स्वतःच्या, आसपासच्या विजेच्या; पण शंभरातली एखादी मुंगी विश्वाच्या जन्मानंतर मागे राहिलेल्या प्रारणाची असते. हे प्रारण सापडले तेही असेच. पेन्झियास आणि विल्सन हे दोघे १९६४ साली अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये एक मोठा अँटेना लावून बसले होते आणि त्यातली खरखर काही केल्या जाईना. आत कबुतरांनी घर केलेले. कबुतरे हाकलली, त्यांचा प्रसाद खरवडून काढला, तरी खरखर आहेच! ती खरखर कबुतरांची नसून विश्वाची निघाली आणि १९७८ साली दोघांना नोबेल मिळाले. आमच्या चाळीच्या गच्चीवर हीच सगळी सामग्री हजर होती. अँटेना होता, कबुतरे होती, खरखर तर मुबलक. फक्त वडील खालून ‘गेलं!’ असे म्हणत, ‘सापडलं!’ असे म्हणत नसत.

दुसरा खंड केबलयुगाचा. १९९१-९२ पासून गच्चीवरचे अँटेना वाकत गेले आणि त्या जागी गच्चीवरून गच्चीवर फेकलेल्या काळ्या वायरी आल्या. या खंडाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. आंब्याच्या फांदीला गुंडाळलेली वायर, जिन्यात सदैव गरम असणारी अॅम्प्लिफायरची पेटी, आणि ऐन सामन्याच्या वेळी खालच्या मजल्यावरच्याने आपले कनेक्शन जोडताना वरच्या मजल्याचे तोडणे, एवढेच त्याचे वाङ्मयीन विशेष.

तिसरा खंड चालू आहे. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ आणि आमच्या कल्याण-डोंबिवलीत ३१ मार्च २०१३ ही तारीख ठरवून केबल डिजिटल करायचा हुकूम निघाला. (३१ मार्च! बँकवाल्याला त्या दिवशी केबलच काय, घरच आठवत नाही.) दूरदर्शननेही आपली जुन्या पद्धतीची जमिनीवरची प्रक्षेपणे टप्प्याटप्प्याने बंद करत आणून २०२२ च्या मार्चपर्यंत पन्नासेक ठिकाणे सोडली तर सगळीकडची संपवली. भुते गेली. मुंग्याही गेल्या. आणि इथेच माझा या युगावर पहिला आक्षेप आहे.

जुन्या पद्धतीत चित्र बिघडले तरी त्याला रीत होती. आधी थोड्या मुंग्या, मग दाट मुंग्या, मग मुंग्यांमधून बोलणारा माणूस. प्रेक्षक आपल्या मनाने उरलेले भरून घेई. डिजिटलमध्ये असे नाही. सिग्नल एका मर्यादेपर्यंत कितीही घसरला तरी चित्र लख्ख, आणि त्या मर्यादेच्या जरा खाली गेला की चौकोन चौकोन होऊन सगळेच बंद. कर्जदार हप्ता चुकवायला लागला तर बँकेला चार नोटिसा काढायला सवड मिळते. इथे कालपर्यंत सगळे उत्तम आणि आज पार्टी फरार. त्यामुळे आपली वायर कड्याच्या टोकावर उभी आहे हे घरातल्या कोणालाही कळत नाही.

आता प्रत्यक्ष समीक्षा. मी विचारासाठी घेतलेली कृती म्हणजे आमच्याच घरातले केबलचे जाळे. कर्ता आमच्या भागातला केबलवाला. त्याचे नाव सांगत नाही, कारण त्याची पोरे अजून आमच्याच जिन्यातून ये-जा करतात.

आमच्या घरी तीन टी.व्ही. आहेत. एक दिवाणखान्यात, एक मुलांच्या खोलीत आणि एक आईच्या. आईचा टी.व्ही. चैनीचा नव्हे. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. दीड वर्षापूर्वी तिचे खुब्याचे हाड मोडले आणि दिवाणखान्यात येऊन बसणे संपले. तेव्हापासून तिचे जग म्हणजे खिडकी, पोथी आणि संध्याकाळी साडेसातची एक मालिका. त्या मालिकेत एक सून आहे आणि ती सासूला छळते. हे वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे लागणार आहे.

ही साडेसातची मालिका आईला धड दिसत नसे. मालिकेतली सून काही कारस्थान बोलायला तोंड उघडी आणि तिचा चेहरा चौकोनांत फुटे. पाच मिनिटांनी चित्र परत येई तोवर सासूच्या डोळ्यांत पाणी. ते कशामुळे आले हे आईला कधीच कळले नाही. हे रोज साडेसातला. इतर वेळी चित्र झकास. आणि साडेसात ही आमच्या स्वयंपाकघरात मिक्सर लावायची वेळ.

पहिल्या महिन्यात आई काही बोलली नाही. दुसऱ्या महिन्यात म्हणाली, “तिला म्हणावं, चटणी सातला वाटली तर चालेल का?” बायको सव्वासातला ऑफिसातून येते. ती म्हणाली, “अहो आई, मिक्सर त्या घरात, टी.व्ही. या घरात. त्याचा याच्याशी काय संबंध?” तिचे म्हणणे तर्काला धरून होते. पण आईने दाराच्या फटीतून पाहिले होते: घर्रर्र झाले की चौकोन, घर्रर्र थांबले की सून. तिसऱ्या महिन्यात आईने माझ्याकडे बघून नुसते “असू दे” म्हटले. मराठी घरात ‘असू दे’ हा शब्द आला की समजावे, आता साधे काही उरलेले नाही. बायकोने मिक्सर लावणे सोडून पाटा-वरवंट्यासारखा चेहरा करायला सुरुवात केली. दोन शहाण्या बायका, सोळा वर्षे एका स्वयंपाकघरात नांदलेल्या, आणि मधे एक वायर.

केबलवाल्याचा पोरगा आला. त्याने बॉक्स बंद करून चालू केला. तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, मिक्सर निवांत होता, चित्र उत्तम आले. “काका, बघा, काही नाय.” दुसऱ्यांदा आला तेव्हा आईच्या टी.व्ही.मागे त्याने साडेतीनशे रुपयांचा बूस्टर लावला. त्या दिवसापासून चौकोन अधिक ठसठशीत झाले.

तेव्हा मी कृती मुळापासून वाचायला घेतली.

मुख्य वायर दिवाणखान्याच्या खिडकीशी पाडलेल्या भोकातून आत येते. तिथे एक स्प्लिटर: एक तोंड दिवाणखान्याला, दुसरे पुढे. पुढची वायर मुलांच्या खोलीत. तिथे दुसरा स्प्लिटर: एक तोंड मुलांना, दुसरे पुढे. ही तिसरी वायर स्वयंपाकघराच्या दारावरून, मिक्सरच्या प्लगला येणाऱ्या विजेच्या तारेबरोबर एकाच पट्टीत गळ्यात गळा घालून, फ्रीजच्या पाठीमागून आईच्या खोलीत. दारावर वायर कमी पडली म्हणून मधे जोड. तो जोड म्हणजे दोन्ही तारांचा पीळ आणि त्यावर काळी टेप. माझ्या मते या संपूर्ण कृतीचा मध्यवर्ती अर्थ त्या काळ्या टेपमध्ये आहे.

स्प्लिटर म्हणजे वाटणीपत्र. सिग्नलची मोजदाद डेसिबलमध्ये करतात आणि ती लॉगरिथमची असते. चक्रवाढ व्याजापुरते लॉगरिथम आम्हा कॉमर्सवाल्यांनाही होते, म्हणून सांगतो: तीन डेसिबल गेले म्हणजे निम्मे गेले, दहा गेले म्हणजे दहावा हिस्सा उरला. दोघांत वाटणी केली की प्रत्येकाचे तीन डेसिबल कमी होणारच. प्रत्यक्षात साडेतीन जातात. वरचे अर्धे ही स्प्लिटरची दलाली. चौघांत वाटले तर सातच्या आसपास. पण एका स्प्लिटरच्या पोटातून दुसरा काढला की शेवटच्याला वाटणीतली वाटणी मिळते. आमच्या घरात दिवाणखान्याला निम्म्याहून जरा कमी, आणि मुलांना नि आईला उरलेल्याची वाटणी, म्हणजे पावाच्याही आतले. त्यातून आईच्या पदरी लांब वायरीची घट आणि तो काळा जोड. कुटुंबातल्या सर्वांत वडील माणसाला सर्वांत शेवटची वाटणी, हे काम मुद्दाम ठरवूनही इतके बिनचूक झाले नसते.

बूस्टरबद्दल लोकांचा जो भाबडा विश्वास आहे तो पाहून मला आमच्या कर्ज विभागाची आठवण होते. बूस्टर सिग्नल वाढवतो हे खरे. पण तो जे येईल ते वाढवतो, चांगले काय नि वाईट काय हे त्याला कळत नाही. घाण मिसळण्याच्या आधी, वायरीच्या सुरुवातीला लावला तर उपयोगाचा. घाण मिसळून झाल्यावर टी.व्ही.च्या पाठीमागे लावला तर तो चित्राबरोबर मिक्सरलाही मोठे करतो. बुडीत खात्याला वाढीव कर्ज दिले की बूडच मोठी होते, तसे.

आणि मिक्सरचा गुन्हा? तो आहेच. मिक्सरच्या मोटारीत कार्बनचे ब्रश असतात, ते फिरत्या भागावर घासताना बारीक ठिणग्या पडतात, आणि प्रत्येक ठिणगी हे एक छोटे रेडिओ स्टेशन असते. पूर्वी रस्त्यावरून स्कूटर गेली की पडद्यावर ठिपक्यांची रांग धावे, ती याच जातीची. चांगल्या वायरीला याचे काही वाटायला नको. तिच्या पोटात मधली तार, तिच्याभोवती पांढरा फेस, त्यावर चांदीसारखा कागद आणि त्यावर बारीक तारांची जाळी. ती जाळी म्हणजे बाहेरच्या जगापासून केलेला आडोसा. पण आमच्या दारावरच्या जोडात जाळी दोन्ही बाजूंनी मागे सारलेली आणि मधली तार उघडी, म्हणजे तिथे वायर राहिलेली नसून अँटेना झालेली. तीही मिक्सरच्या डोक्यावर. आईची वाहिनी नेमकी खालच्या फ्रिक्वेन्सीला, जिथे ठिणग्यांचा गोंगाट जास्त. उपग्रहावरून ३६,००० किलोमीटर अंतर कापून केबलवाल्याच्या तबकडीत उतरलेला सिग्नल आमच्या घरातल्या शेवटच्या पंधरा फुटांत मारला जात होता.

केबलऐवजी घरची तबकडी बसवली म्हणजे या दशेतून सुटका होते, असे कोणी समजू नये. आमच्या वरच्या मजल्यावरचे जोडपे पाहा. त्यांच्या गच्चीवर एक तबकडी, आग्नेयेकडे तोंड करून बसलेली, आणि घरात दोन टी.व्ही. उपग्रहावरच्या वाहिन्या उभ्या लहरींच्या आणि आडव्या लहरींच्या अशा दोन गटांत येतात. घरातला बॉक्स तबकडीच्या तोंडाशी असलेल्या यंत्राला वायरीतूनच वीज पाठवून सांगतो की मला कोणता गट हवा: १३ व्होल्ट दिले तर उभा, १८ दिले तर आडवा. त्या जोडप्याच्या वायरमनने साधा स्प्लिटर लावून एकाच यंत्रावर दोन बॉक्स जोडले. आता नवरा तेरा म्हणतो, बायको अठरा म्हणते, आणि यंत्र अठराचे ऐकते. काकांच्या निम्म्या वाहिन्या काकू टी.व्ही. लावल्याबरोबर नाहीशा होतात. यावर दोन तोंडांचे यंत्र मिळते, प्रत्येकाला स्वतंत्र वायर द्यायची की झाले. मी काकांना ते सांगितले. काका म्हणाले, “राहू दे. चाळीस वर्षे असंच चाललंय.”

आमच्या स्टेशनजवळ एक टी.व्ही. दुरुस्तीवाले काका होते. दुकान बंद करून आता घरीच असतात, वय सत्तरीपुढे. त्यांना मी बोलावले. ते मीटर घेऊन आले, स्टुलावर चढले आणि काळी टेप सोडवली. आत तांब्यावर हिरवा गंज चढलेला. त्यांनी वायर कापून जाळीच्या तारा मोजल्या. ती जाळी कसली, टकलावरच्या केसांसारखी चार तारा इकडे नि चार तिकडे. काका खाली बघून म्हणाले, “साहेब, ही जाळी म्हणजे पदर. तो शेवटपर्यंत डोक्यावर पाहिजे. यानं दारातच पदर काढला.”

मग त्यांनी जी दुरुस्ती केली ती मी गुणग्राहकतेने नोंदवतो, कारण आपल्याकडे दोष दाखवणारे समीक्षक फार. खिडकीशी एकच तीन तोंडांचा स्प्लिटर, तिथून प्रत्येक खोलीला स्वतंत्र, अखंड, नवी वायर. आईची वायर विजेच्या तारेपासून हातभर दूर, आणि जिथे ओलांडावीच लागली तिथे काटकोनात. (समांतर चालले की एकमेकांचे लागते, वायरींचेही.) टोकांना हाताने पिरगाळायचे नव्हे तर हत्याराने दाबून बसवायचे कनेक्टर. बूस्टर काढून माझ्या हातात दिला. जुन्या भिंतीतले एक तोंड रिकामे राहिले, त्याला पंचाहत्तर ओहमची बारीक टोपी लावली. उघडे तोंड सिग्नल परत फेकते आणि तो वायरीत मागेपुढे फिरत बसतो. बिल झाले अडीच हजार. पन्नास हजारांचा टी.व्ही. घेताना शेजारी पेढे वाटतात, आणि अडीच हजारांच्या वायरीला ‘एवढे?’ म्हणतात, हे या क्षेत्रातल्या अभिरुचीचे चित्र आहे.

त्या संध्याकाळी साडेसातला आम्ही सगळे आईच्या खोलीत जमलो. बायकोने मिक्सरमध्ये खोबरे, मिरच्या, कोथिंबीर सगळे भरून ठेवले होते. मालिका सुरू झाली. सुनेने तोंड उघडले. मी आतून हाक मारली, “लाव!” मिक्सर घर्रर्र करत सुरू झाला. चित्र हललेही नाही. बायकोने अर्धा मिनिट चालवला, एक मिनिट चालवला. चटणीचे पीठ झाले तरी चालवला. मग पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. आईने तिच्याकडे पाहिले आणि पलंगावर जरा सरकून जागा केली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. कोणी काही बोलले नाही. मी तर मुळीच नाही. ३१ मार्चला ताळेबंद जुळतो तेव्हाही मी बोलत नाही.

आईने तो भाग पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. सुनेचे सगळे कारस्थान तिला ऐकू आले. दुसऱ्या दिवशीचा पाहिला, तिसऱ्या दिवशीचा पाहिला. चौथ्या दिवशी म्हणाली, “अरे, हे तर काहीच नाही. मला वाटत होतं, त्या चौकोनांमागे काहीतरी असेल.” आणि टी.व्ही. बंद करून कपाटातला जुना ट्रान्झिस्टर काढायला सांगितला. मिडियम वेव्हवर आकाशवाणी लावली, तर गाण्याबरोबर अखंड घुंईऽऽ असा आवाज. मी खोलीभर फिरलो. ट्रान्झिस्टर खिडकीकडे नेला की घुंई कमी, छताकडे नेला की जास्त. छतावर नवा एलईडी दिवा, साठ रुपयांचा. त्याच्या पोटातले स्वस्त सर्किट मिडियम वेव्हवर असा गोंगाट करते.

“दिवा घालव,” आई म्हणाली.

मी दिवा घालवला. घुंई थांबली. बायकोने हातातली लसणाची वाटी पलंगावरच ठेवली आणि अंधारात ती दोघी मिळून लसूण सोलू लागल्या.